एक सॅम्पल गळालं आणि एफएफटी रखडली

लक्षण साधारण असं असतं. एफएफटी म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणारा हिशोब. कालपर्यंत चुटकीसरशी होणारी ही एफएफटी आज रखडते. डेटा तोच, मशीन तेच, आणि कोडमध्ये म्हणे "काहीच बदललं नाही". मॉनिटर उघडून बघावं तर एक कोर शंभर टक्क्यांवर, बाकीचे निवांत, रॅमही अर्धी रिकामी. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येतो. विचारणारा येतो तो थ्रेड, जीपीयू नाहीतर नवीन सर्व्हरच्या गोष्टी घेऊनच. मी मात्र आधी एकच विचारतो: ॲरेची, म्हणजे आकड्यांच्या यादीची, लांबी किती? उत्तर बहुतेक वेळा "दहा लाखांच्या आसपास" असं येतं. घोळ त्या "आसपास"मध्येच असतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीची एक मुलगी पीएचडीसाठी पंपांच्या कंपनांवर काम करते. ६४ सेन्सर, प्रत्येकाचे सेकंदाला ५१,२०० सॅम्पल (मोजलेले आकडे), आणि एका ब्लॉकमध्ये ५,२४,२८८ सॅम्पल, म्हणजे बरोबर १०.२४ सेकंद. ५,२४,२८८ हा दोनचा एकोणिसावा घात. एफएफटीला याहून सोयीची लांबी मिळणं कठीण.

तिचा फोन आला. "दादा, वेगाच्या सिग्नलवर एफएफटी पटकन होते. प्रवेगावर तीच ओळ चालवली की लॅपटॉपवर कितीतरी पट वेळ लागतो, आणि लॅबच्या सर्व्हरवर तर रात्रभर लावून ठेवलं तरी संपत नाही."

"प्रवेग कुठून आणतेस?"

"वेगाचा डिफ घेते. एका ओळीचं काम."

"लांबी बघितलीस का?"

"बघितली की! आउटपुट २,६२,१४४ येतंय. दोनचा अठरावा घात. आता याहून चांगली लांबी कुठली आणू?"

खरं सांगतो, क्षणभर मीही फसलो. २,६२,१४४ हा आकडा दिसला की हात आपोआप दुसरीकडे वळतो: मेमरी बघू, डिस्क बघू. मग लक्षात आलं की ही आउटपुटची लांबी आहे, आणि एफएफटी आरएफएफटी आहे. वास्तव (रिअल) संख्यांच्या ॲरेवर आरएफएफटी लावली की निम्माच वर्णपट (कुठल्या वारंवारतेचा किती जोर, ती यादी) परत मिळतो, कारण उरलेला निम्मा त्याचंच आरशातलं प्रतिबिंब असतो. इनपुट ५,२४,२८८ असेल तर आउटपुट २,६२,१४५ येतं; दिसायला ओबडधोबड, पण निरोगी. आउटपुट नेमकं २,६२,१४४ आलं तर इनपुट एकतर ५,२४,२८६ किंवा ५,२४,२८७.

डिफ शेजारच्या दोन सॅम्पलमधला फरक काढतो, म्हणून त्याचं उत्तर मूळ ॲरेपेक्षा एकाने आखूड येतं. म्हणजे ५,२४,२८७. लिनक्सच्या टर्मिनलवर 'फॅक्टर' नावाची छोटीशी कमांड असते, तिला हा आकडा दिला की ती तोच आकडा परत देते. मूळ संख्या! दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या ज्या थोड्या मूळ संख्या आहेत, मर्सेन मूळ संख्या म्हणतात त्यांना, त्यांतली ही एक. ८,१९१ आणि १,३१,०७१ ही तिचीच भावंडं. म्हणजे ८,१९२ किंवा १,३१,०७२ सॅम्पलच्या ब्लॉकवर डिफ लावणारेही याच खड्ड्यात पडतात. १०,४८,५७६ च्या ब्लॉकवर डिफ लावलात तर १०,४८,५७५ उरतात, त्यांचा सगळ्यांत मोठा मूळ अवयव फक्त ४१; तिथे कुणाला काही जाणवतही नाही. म्हणूनच हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि लोक तो नेटवर्कवर नाहीतर सर्व्हरच्या लोडवर ढकलून मोकळे होतात.

मूळ संख्येचं एफएफटीशी वाकडं का, ते थोडक्यात. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी प्रसिद्ध केलेली रीत (गाउसला ती १८०५ च्या सुमारास सुचली होती, पण त्याच्या हयातीत ती कागदातच राहिली) लांबीचे अवयव पाडण्यावर उभी आहे. मोठं रूपांतर छोट्या रूपांतरांत मोडायचं, ती आणखी छोट्यांत. लांबी दोनचा घात असेल तर १९ वेळा अर्धं करत खाली उतरता येतं, आणि सगळा खर्च साधारण एक कोटी क्रियांत बसतो. मूळ संख्येला मोडायला जागाच नाही. मग सरळ व्याख्येप्रमाणे हिशोब करायचा तर लांबीचा वर्ग, म्हणजे सुमारे २७,५०० कोटी क्रिया. एका चॅनेलला. तिच्याकडे चॅनेल ६४ आणि ब्लॉक शेकड्यांनी.

आता लॅपटॉपवर "कितीतरी पट" आणि सर्व्हरवर "रात्रभर", हा फरक कुठून आला? नमपायच्या, म्हणजे पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या, आवृत्तीतून. मूळ संख्येइतक्या लांबीसाठी साठच्या दशकाच्या शेवटीच दोन युक्त्या निघाल्या होत्या, एक रेडरची आणि दुसरी ब्लूस्टाइनची. ब्लूस्टाइनची युक्ती अशी की रूपांतराचं कन्व्होल्यूशन (एक ॲरे दुसऱ्यावरून सरकवत गुणाकारांची बेरीज) करायचं आणि ते दुपटीहून किंचित कमी किंवा त्याहून मोठ्या सोयीच्या लांबीवर शून्यं भरून उरकायचं. ५,२४,२८७ साठी किमान १०,४८,५७३ लागतात, त्याला सोयीची लांबी १०,४८,५७६. म्हणजे दुप्पट लांबीच्या दोन एफएफटी आणि वर गुणाकार. चार-पाच पट काम आणि जास्तीची मेमरी, पण वर्गाचा डोंगर टळतो. नमपायमध्ये ही सोय १.१७ या आवृत्तीपासून आली, २०१९ साली, जेव्हा त्यातल्या एफएफटीपॅक या जुन्या एफएफटी कोडच्या जागी पॉकेटएफएफटी हा नवा कोड बसवला गेला. १.१६ आणि त्याआधीच्या नमपायमध्ये मूळ संख्येइतकी लांबी दिली की थेट वर्गाचाच हिशोब.

आणि १.१६ हीच पायथन २.७ ला साथ देणारी शेवटची मालिका. कुठल्या तरी जुन्या, कुणीही हात लावायला धजत नाही अशा स्क्रिप्टपायी सर्व्हरवर पायथन २.७ जपून ठेवलेलं असतं, आणि त्याच्यासोबत १.१६ सुद्धा. तिच्या लॅबमध्ये नेमकं तेच निघालं. तेव्हा सर्व्हरवर पहिली ओळ कुठली चालवायची, तर नमपायची आवृत्ती छापणारी.

निदान पक्कं करायचं असेल तर एक छोटी चाचणी पुरे. तुमचा डेटा बाजूला ठेवा. यादृच्छिक संख्यांचे तीन ॲरे घ्या: ५,२४,२८६, ५,२४,२८७ आणि ५,२४,२८८ लांबीचे. प्रत्येकावर तीच एफएफटी चार-पाचदा चालवून सगळ्यांत कमी वेळ टिपा. मधलाच वेगळा पडला तर दोष लांबीचा. तिघांना सारखाच वेळ लागला आणि तरीही तुमचा प्रोग्राम मंद असेल, तर थेट मेमरी आणि अक्षाच्या मजकुराकडे जा.

डिफ हा एकटाच गुन्हेगार नाही. शून्य ते शंभर सेकंद, दर सेकंदाला दहा हजार सॅम्पल, दोन्ही टोकं धरून वेळेचा ॲरे केला की १०,००,००० ऐवजी १०,००,००१ सॅम्पल होतात. कुंपणाचे खांब मोजताना होते तीच चूक. दहा लाखाचे अवयव नुसते दोन आणि पाच. १०,००,००१ चे अवयव १०१ आणि ९,९०१. "अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत" असं वेळेवरून कापलं की लांबी कुठलीही येऊ शकते. मधलं एखादं पॅकेट गळालेल्या फायली जोडल्या की तेच. स्वतः हाताने एफएफटीचं कन्व्होल्यूशन लिहिणारे दोन लांब्यांच्या बेरजेतून एक वजा करतात आणि ती लांबी तशीच पुढे ढकलतात. (सायपाय या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीतलं तयार एफएफटीकन्व्हॉल्व्ह सोयीची लांबी स्वतःच शोधतं. ते असताना हाताने का लिहावं, हे मला अजून कळलेलं नाही.)

आणि एक चोर आत बसलेला असतो, तो म्हणजे आयआरएफएफटी. वर्णपटावरून परत सिग्नलकडे यायचं तर तिला सिग्नलची आधीची लांबी सांगावी लागते. नाही सांगितली तर ती सम लांबी गृहीत धरते. २,६२,१४४ चा वर्णपट दिला की ५,२४,२८६ सॅम्पल परत. आणखी एक गळालं! इथे वेगाचा प्रश्नच नाही, उत्तरच चुकतं: वेळेचा अक्ष किंचित आखडला जातो आणि दोन सिग्नल एकावर एक ठेवले की शेवटाकडे ते सरकलेले दिसतात. तिच्या एका जुन्या आकृतीत ती सरक होती. तिने ती सेन्सरच्या घड्याळाची चूक समजून तळटीपेत तसं लिहूनही टाकलं होतं.

उपाय

पहिला विचार सगळ्यांना येतो तो शून्यं भरण्याचा. एफएफटीला हवी ती लांबी सांगितली की उरलेली जागा ती शून्यांनी भरते. सायपायमध्ये नेक्स्ट फास्ट लेन नावाचं फंक्शन आहे, ते तुमच्या लांबीपुढची पहिली सोयीची लांबी देतं; ५,२४,२८७ दिलं तर ५,२४,२८८. जुन्या सर्व्हरवर सायपायचा एफएफटी हा नवा विभाग नसेल (तो १.४ मध्ये आला), तरी एफएफटीपॅक विभागात याच नावाचं फंक्शन असतं. नेहमी दोनच्याच घातापर्यंत ओढत नेण्याची मात्र गरज नाही. मॅटलॅबच्या दिवसांपासून लागलेली ही सवय महाग पडते: ५,३०,००० सॅम्पल असतील तर दोनचा पुढचा घात १०,४८,५७६, जवळजवळ दुप्पट काम फुकट. ५,३०,००० च्या थोडं पुढे तीन, पाच, सात यांची भर घातलेली सोयीची लांबी हमखास मिळते.

शून्यं भरताना दोन गोष्टी सांभाळा. सरासरी आधी वजा करा, नाहीतर सिग्नल संपतो तिथे उंच पायरी तयार होते आणि तिचा चिखल सगळ्या वर्णपटात पसरतो. आणि विंडो (सिग्नल दोन्ही टोकांकडे हळूहळू उतरवणारी वजनं) खऱ्या सॅम्पलवर लावा, शून्यं भरून झाल्यावर नव्हे. वारंवारतेचा अक्षही नव्या लांबीने काढावा लागतो, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

माझा कल मात्र भरण्यापेक्षा कापण्याकडे. तिच्या डेटात ५,१२,००० सॅम्पल ठेवले तर ते नेमके दहा सेकंद होतात, अवयव नुसते दोन आणि पाच, आणि वर्णपटाचे खण, म्हणजे वारंवारतेच्या पायऱ्या, बरोबर ०.१ हर्ट्झचे. मिनिटाला १,४८८ फेरे घेणारी मोटर २४.८ हर्ट्झवर येते, म्हणजे खण क्रमांक २४८, अगदी मध्यावर. ५,२४,२८८ वर तीच मोटर २५३.९५ वर पडते, खणाच्या मध्यापासून किंचित बाजूला. पाव सेकंदाचा डेटा टाकून एवढं मिळत असेल तर मी तो डोळे झाकून टाकतो.

डिफची लांबी राखायचे मार्गही आहेत. डिफला प्रीपेंड देऊन पहिलं सॅम्पल सुरुवातीला पुन्हा जोडता येतं. मग पहिला फरक शून्य येतो आणि लांबी टिकते. ग्रेडियंट वापरलं तरी लांबी टिकते, पण ते जपून. मधल्या बिंदूंवर ते एक सोडून एक सॅम्पलचा फरक घेतं, त्यामुळे वरच्या वारंवारता दाबल्या जातात. १२.८ किलोहर्ट्झवर डिफ खऱ्या प्रवेगाच्या सुमारे ९० टक्के दाखवतो, ग्रेडियंट जेमतेम ६४ टक्के, आणि २५.६ किलोहर्ट्झला तर शून्यच. बेअरिंगचा बिघाड शोधणाऱ्याला त्या वरच्या वारंवारताच हव्या असतात. वेग मिळवायचा म्हणून असलेली माहिती पुसून टाकण्यात काय हशील?

तिला शेवटी सांगितलं, "अगं, तुला प्रवेगाचा वर्णपटच हवाय ना? मग वेगाचा वर्णपट काढ आणि प्रत्येक खणाला दोन पाय (२π) गुणिले त्याची वारंवारता, एवढ्याने गुण." डिफची ओळच गेली. विंडो आधी लावायची, बाकी काही नाही.

लांबी सुधारूनही मंद वाटलं तर

तिच्याकडे तसंच झालं. वेळ खूप उतरला, पण हिशोबात बसेल एवढा नाही. इथून पुढचं कारण मेमरीतली मांडणी. तिचा ॲरे ५,२४,२८८ ओळी आणि ६४ स्तंभांचा, एक स्तंभ म्हणजे एक सेन्सर. मॅटलॅबमधून आलेल्या मंडळींची ही मांडणी ठरलेली. तिथे स्तंभ मेमरीत सलग असतो, म्हणून ती तिथे योग्यच. नमपायमध्ये ओळ सलग असते. म्हणजे एकाच सेन्सरची दोन लागोपाठ सॅम्पल ५१२ बाइट अंतरावर. प्रोसेसर एका वेळी ६४ बाइट उचलून आणतो, त्यांतले कामाचे आठ, बाकीचे छप्पन्न भारा. भाजीसाठी दर वेळी एकच मिरची आणायला मंडईत जाण्यासारखं. सायपाय शक्यतो काही स्तंभ एकत्र घेऊन हा तोटा कमी करतं. पण तिने फॉर लूप लावून एकेक स्तंभ काढला होता, त्यामुळे सगळा तोटा पदरात.

ॲरे आडवा-उभा करून एकदाच सलग प्रतीत उतरवा आणि मग शेवटच्या अक्षावर एफएफटी लावा. नुसतं ट्रान्सपोज करून भागत नाही. त्याने फक्त पाटी बदलते, डेटा जागचा हलत नाही. ॲस्कंटिग्युअसॲरे, म्हणजे सलग प्रत बनवणारं फंक्शन, वापरावंच लागतं. आणि उलट बाजूने सावधगिरी: अक्ष सांगायला विसरलात तर एफएफटी ६४ सेन्सरच्या आडव्या ओळीवर लागते, भन्नाट वेगाने होते आणि उत्तर पूर्ण निरर्थक असतं. एफएफटी अचानक फारच वेगवान झाली तर आधी आउटपुटचा आकार बघा.

मग अचूकतेचा प्रश्न. नमपायचा एफएफटी विभाग २.० च्या आधी (तो २०२४ चा) फ्लोट ३२ (चार बाइटांची संख्या) दिला तरी निमूटपणे फ्लोट ६४ (आठ बाइटांची) मध्ये बदलून घ्यायचा. निम्मी मेमरी वाचवली असं समजणाऱ्याला दुप्पट लागायची. सायपायचा एफएफटी विभाग पहिल्यापासून फ्लोट ३२ तसाच राखतो. सेन्सरचा डेटा घेणाऱ्या २४ बिटी कार्डाच्या डेटाला फ्लोट ३२ बहुतेक वर्णपटांसाठी पुरतं. सिग्नल वास्तव संख्यांचा असताना साधी एफएफटी वापरत असाल तर आरएफएफटी घ्या, निम्मं काम तिथेच वाचतं.

थ्रेड मी मुद्दाम इतक्या खाली ठेवले आहेत. सायपायमध्ये वर्कर्स नावाचा पर्याय आहे, त्याचं मूळ मूल्य एक. ६४ स्वतंत्र चॅनेल असतील तर आठ वर्कर छान वाटून घेतात. पण एकच लांबलचक ॲरे असेल तर आठ द्या की साठ, काम एकालाच. क्लस्टरवर उणे एक देऊ नका: त्याने मशीनचे सगळे कोर मोजले जातात, तुमच्या वाट्याला चारच आलेले असले तरी. मग साठ वर्कर चार कोरवर धक्काबुक्की करतात आणि शेजारचे वापरकर्ते ॲडमिनकडे तक्रार घेऊन जातात.

एफएफटीडब्ल्यू ही एफएफटीची वेगळी लायब्ररी वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी: "पहिल्यांदाच मंद, नंतर ठीक" किंवा "दर वेळी पहिल्यांदासारखी मंद". ही लायब्ररी आधी हिशोबाची योजना आखते. एस्टिमेट म्हणजे अंदाजाने, मेजर म्हणजे खरोखर चालवून मोजून, पेशंट म्हणजे त्याहून चिवटपणे. एकच लांबी हजारदा लागणार असेल तर मेजर फायद्याचं. एकदाच लागणार असेल तर योजनेतच जास्त वेळ जातो. आखलेली योजना विझडम म्हणून फायलीत जपता येते. पायएफएफटीडब्ल्यूचे (पायथनमधून एफएफटीडब्ल्यू वापरायची सोय) नमपायसारखे दिसणारे इंटरफेस वापरत असाल तर कॅशे स्वतः चालू करावा लागतो, आणि तो मुळात सेकंदाच्या दहाव्या भागापुरतंच लक्षात ठेवतो. मध्ये फाइल वाचायला जास्त वेळ गेला की योजना विसरली. मुदत वाढवून घ्या. मेजर योजना आखताना दिलेला ॲरे खरवडला जातो, तेव्हा योजना आधी आणि डेटा नंतर. हे उलटं झालं की वर्णपटात शून्यं येतात आणि माणूस दिवसभर सेन्सरच्या वायरी हलवत बसतो.

तासाभराचा डेटा जोडून एकच एफएफटी लावणाऱ्यांना मी उलट विचारतो: खण किती बारीक हवेत? ५१,२०० च्या दराने तासाला १८,४३,२०,००० सॅम्पल होतात. साधी एफएफटी फ्लोट ६४ वर लावली तर आउटपुटच जवळजवळ तीन जीबी, शिवाय मधल्या प्रती. रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू झालं की कुठलीच लांबी सोयीची राहत नाही. ०.१ हर्ट्झचे खण पुरत असतील तर दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून वर्णपटांची सरासरी घ्या. वेल्शची १९६७ ची रीत हीच. आलेखही स्वच्छ येतो. सायपायच्या वेल्शमध्ये तुकड्याची लांबी न सांगितल्यास २५६ धरली जाते, एवढं लक्षात असू द्या.

तिने आता ब्लॉक वाचल्यावर लगेच लांबीचे अवयव काढून सर्वांत मोठा मूळ अवयव अकराच्या वर असेल तर प्रोग्राम थांबवणारी एक ओळ टाकली आहे. दुसऱ्याच दिवशी ती ओळ एका फायलीवर अडली: सेन्सर क्रमांक ४१, ५,२४,१०९ सॅम्पल. कार्डाची केबल ढिली होती.